बांध

भाताच्या खाचरात सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, असे मुळशीतल्या एखाद्या जुन्या शेतकऱ्याला विचारा. तो बियाणे म्हणणार नाही, खत म्हणणार नाही. तो बांध म्हणेल. ऐकणाऱ्याला हे उत्तर जरा विचित्र वाटावे. बांधावर पिकते काय? गवत, आणि घरधनी हौशी असला तर तुरीची चार झाडे. पण एखाद्या खेकड्याने पाडलेल्या भोकातून तो बांध फुटला, की खाचरातले पाणी जाते, पाण्यामागून माती जाते, आणि आषाढात कंबर मोडून लावलेली रोपे उघडी पडतात. म्हणून दर पावसाळ्याआधी इथली माणसे बांधाला चिखल थापतात, भोके बुजवतात.

मी लग्न होऊन या तालुक्यात आले तेव्हा बांध म्हणजे एक बुटकी भिंत अशीच माझी समजूत होती. पण भिंतीपलीकडचे काही दिसत नाही आणि बांधापलीकडचे सगळे दिसते. बांधावरून माणसे जातात-येतात. दोन्ही शेतांतल्या बायका त्यावर बसून एका फडक्यातली भाकरी खातात. वरच्या खाचरातले जास्तीचे पाणी खालच्या खाचरात उतरावे म्हणून त्याला एक तोंडही ठेवलेले असते. म्हणजे बांध अडवतो तसा देतोही. कुठून द्यायचे आणि किती द्यायचे, एवढे मात्र ठरलेले असते.

या बांधाशी निगडित असलेला एक वाक्प्रचार आपल्या भाषेत आहे: बांध कोरणे. शेजारचे शेत एका रात्रीत कुणी बळकावत नाही. नांगरणीच्या वेळी फाळ चार बोटे आत घालायचा, एवढेच. चार बोटांसाठी भांडायला जाणारा माणूस चारचौघांत क्षुद्र दिसतो, म्हणून तो गप्प बसतो. पुढच्या वर्षी आणखी चार बोटे. दहा-बारा वर्षांनी मोजणी आणावी, तर बांध जागचा हललेला, आणि कुणी हलवला ते कुणालाच ठाऊक नाही!

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, हा प्रश्न मुलांना घालण्यात माझी वीस वर्षे गेली. या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग मला सासरी सापडला.

आपल्याकडे लग्नाला, मुंजीला, बारशाला ‘कार्य’ म्हणतात. ‘त्यांच्याकडे कार्य आहे’ असे आपण सहज बोलतो. पण हे कार्य नेमके कुणाचे? ज्यांचे लग्न त्यांचे, की ज्यांच्या नावाने पत्रिका छापली त्यांचे? निमंत्रणपत्रिका हातात घेऊन पाहावी. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ या प्रारंभापासून ‘आपले नम्र’ या शेवटापर्यंत तिच्यात एक अख्खे राज्यशास्त्र असते. कुणाचे नाव आधी, कुणाचे नंतर, कुणापुढे ‘श्रीमंत’, कुणाच्या नावाखाली गावचे पद, आणि कोणते नाव गाळल्याबद्दल पुढे सात वर्षे अबोला! या सगळ्या नम्र मंडळींत वधू-वरांची नावे मोठ्या अक्षरांत असतात खरी. पण देवळातल्या मूर्तीसारखी. मूर्ती मोठी, देवळाचा कारभार पंचांकडे.

दुसरा शब्द मानपान. विहिणीचा मान, मामाचा मान, करवलीचा मान. हा मान मागून घ्यायचा नसतो, समोरच्याने ओळखून द्यायचा असतो, आणि त्यातच त्याची सगळी शक्ती आहे. ‘आमचं काही मागणं नाही हो, तुमच्या मुलीला काय द्यायचं ते द्या,’ हे वाक्य महाराष्ट्रात ऐकले नाही असे घर विरळा. मागणे नसलेल्या या वाक्याने जितकी मुदतठेव मोडली असेल, तितकी उघड मागण्यांनीही मोडली नसेल. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा आला. न मागता दिलेल्या आणि ऐपतीला धरून असलेल्या रिवाजाच्या भेटी त्याने मोकळ्या सोडल्या. १९८५ च्या नियमांनी त्या भेटींची यादी ठेवायला सांगितले. पण ‘न मागता’ या दोन शब्दांत आपल्या समाजाची सारी चतुराई मावते, हे कायद्याच्या पुस्तकात कसे लिहिणार?

माझी सासरची माणसे वाईट नाहीत, हे इथेच सांगितले पाहिजे. नाही तर सासूच्या जाचाच्या त्या जुन्या बोलपटांची आठवण वाचकांना व्हायची. त्यांचे घर पौडच्या पुढे, धरणाच्या अलीकडे आहे. आंबेमोहोराची थोडी खाचरे, दोन म्हशी, दारात फणस. मामंजींनी आयुष्यात कुणाचा पैसा बुडवला नाही. सासूबाईंनी माझ्या दोन्ही बाळंतपणांनंतर महिना-महिना माझे पाय शेकले. पण कोणतेही कार्य निघाले की ही साधी माणसे बदलतात. मग त्यांच्या अंगात ‘घराणे’ संचारते.

त्याला थोडे कारण तालुक्याचेही आहे. हिंजवडीत संगणकाचे कारखाने आले, पिरंगुटला औद्योगिक वसाहत वाढली, आणि ज्या माळावर नाचणी धड येत नव्हती त्याला गुंठ्यावारी भाव आला. पौड रस्त्याने चांदणी चौक ओलांडला, की भूगावपासून पुढे मंगल कार्यालये आणि लॉन्स यांची रांग सुरू होते. तिथल्या लग्नांत वाजतगाजत मोटारी येतात, डोक्यावरून ड्रोन फिरतो, आणि हजार पाने उठतात. ज्याने जमीन विकली त्याने हे केले. म्हणून ज्याने विकली नाही त्यालाही करावे लागते, कारण दोघे एकाच भावकीतले. शेजाऱ्याच्या मांडवाच्या मापाने आपला मांडव घालायचा, आणि कर्ज मात्र आपल्या मापाने फेडायचे!

या मांडवाखाली माझी आई दर वेळी यायची. माझे वडील एस. टी.त होते, ते लवकर गेले. त्यांच्यामागे तुटपुंज्या पेन्शनवर आणि ब्लाउज शिवून तिने आम्हा दोघी बहिणींना शिकवले. लग्नात तिने जे केले ते केलेच. पण लग्न ही केवळ सुरुवात असते, हे मुलींच्या आयांना कुणी सांगत नाही. पहिली दिवाळी म्हणजे दिवाळसण, जावयाला अंगठी. मग डोहाळजेवण, मग बारसे, मग नातवाचे जावळ. मामंजींच्या पंचाहत्तरीला ‘विहीणबाईंचा आहेर नुसता रुमालाचा नको दिसायला,’ असे कुणी तरी हळूच म्हणाले, आणि आईने भावकीतल्या अकरा बायकांना साड्या आणल्या. २०२३ साली अधिक श्रावण आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचे असते. तिने तेहतीस अनारसे केले आणि त्यांवर चांदीचे निरांजन ठेवले. माझे यजमान संकोचाने नको-नको म्हणत होते. आई म्हणाली, ‘असू द्या हो, रीत आहे.’ त्या रात्री तिच्या पिशवीत चष्म्याचे घर शोधताना मला सोनाराची पावती सापडली. निरांजनासाठी तिने तिची जोडवी मोडीत दिली होती.

दर वेळी चार बोटे. कुणी दरडावून मागितले नाही, कुणी तिला घालूनपाडून बोलले नाही. पण तेरा वर्षांनी मोजणी केली तेव्हा बांध असा आत सरकलेला होता.

२०२४ च्या मार्गशीर्षात आम्ही कोथरूडला घेतलेल्या घराची वास्तुशांत ठरली. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. वीस वर्षांचे कर्ज. मामंजींनी पत्रिकेचा मजकूर लिहूनच आणला. ‘आपले नम्र’ खाली चौदा नावे होती. आम्हा दोघांची नावे तळाशी, छापखान्याच्या पत्त्याच्या जरा वर. चारशे माणसे, भूगावजवळचे एक कार्यालय, आदल्या रात्री जागरण-गोंधळ, आणि भावकीला पूर्ण आहेर. सासूबाईंनी बोटे मोडत हिशेब केला, आणि शेवटी सहज म्हणाल्या, ‘तुझ्या आईला आधीच कळव गं. ऐन वेळी तिची धावपळ नको.’ त्या मनापासून आईची सोय पाहत होत्या, हे मी आजही शपथेवर सांगेन.

आम्ही लगेच काही बोललो नाही. घरी आल्यावर आम्ही दोघांनी एक कागद घेतला आणि त्यावर तीनच गोष्टी लिहिल्या. पहिली: वास्तुशांत घरातच होईल, आणि घरात मावतील तेवढीच, म्हणजे साठ माणसे. दुसरी: माझ्या आईकडून आहेर येणार नाही, आणि आमच्याकडूनही कुणाला जाणार नाही, आईने यायचे, जेवायचे, आणि नातवंडांत बसायचे. तिसरी: गावाला जेवण घालायची अण्णांची इच्छा असेल तर त्यांनी ते गावात जरूर घालावे, आम्ही दोन दिवस रजा काढून येऊ, पंगतीत वाढू, आणि पंधरा हजार रुपये देऊ. पंधरा, सोळा नव्हे. ही तिसरी गोष्ट म्हणजे आमच्या बांधाला ठेवलेले तोंड होते. ती नसती तर पहिल्या दोन गोष्टींची भिंत झाली असती.

आणि एक गोष्ट कागदावर न लिहिता ठरली: हे बोलायचे ते यजमानांनी. आपापल्या आई-वडिलांशी आपापणच बोलावे. सुनेच्या तोंडून आलेला नकार हा नेहमी सुनेचाच राहतो. मुलाच्या तोंडून आला तर तो निदान घरातला ठरतो.

पुढच्या रविवारी पडवीत बसून ते बोलले. मी शेजारी बसले होते. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलेच नाही. त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘हे तूच पढवलंस त्याला.’

‘नाही, आई,’ हे म्हणाले. ‘हप्ता माझ्या पगारातून जातो. मला कुणी पढवायला नको.’

मामंजी बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग ते जे बोलले ते मी विसरू शकत नाही. ‘तुम्हाला वाटतं म्हाताऱ्याला मिरवायचंय. माझ्या आज्याचं घर कुठं होतं, माहीत आहे? त्या पाण्याखाली. धरण झालं आणि भावकी दहा दिशांना गेली. कुणी कोकणात उतरलं, कुणी मुंबईला गिरणीत गेलं. तेव्हापासून ही माणसं एकमेकांना भेटतात ती फक्त कार्यात आणि मयतीत. मयतीला बोलवावं लागत नाही. कार्याला तरी बोलवू दे.’

माझ्या जवळ याला उत्तर नव्हते. ज्यांना मुळशीचा इतिहास ठाऊक आहे त्यांना या बोलण्याचे वजन कळेल. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, म्हणून टाटांच्या कंपनीने इथे धरण बांधायचे ठरवले. जमिनी रीतसर हाती येण्याआधीच इथे खोदकाम सुरू झाले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात सेनापती झाले आणि तुरुंगात गेले. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. पुण्यातल्या जमीनदार सावकारांनी चांगला मोबदला पदरात पाडून घेतला. जे चिखलात उभे राहून भात लावत होते त्यांच्या हाती थोडेच लागले. पूर्वेकडे वाहणाऱ्या मुळेचे पाणी अडले आणि बोगद्यातून पश्चिमेला, कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे वळले. १९२७ पासून ते तसेच उतरते आहे. नदी उलटी वाहू लागली, आणि माणसे विखुरली.

तेव्हा मामंजींच्या चारशे माणसांत नुसता डौल नव्हता. त्यांत एक बुडालेले गाव पुन्हा पंक्तीला बसवायची धडपड होती. पण घरी परतताना, पौडच्या उतारावर, माझ्या मनात आले की मावळ्यांचे भांडण तरी विजेशी कुठे होते? त्यांचे म्हणणे एवढेच होते, की ज्याची जमीन त्याला आधी विचारा. मुंबईचे दिवे लागावेत, पण माझ्या खाचराची किंमत माझ्या पाठीमागे ठरू नये. माझ्या आईच्या जोडव्यांबद्दल मला याहून वेगळे काय म्हणायचे होते? भावकी जोडण्याचे काम मोठे आहे. ते जरूर व्हावे. मात्र त्याचा खर्च साताऱ्याकडच्या एका विधवेच्या शिवणयंत्रातून परस्पर वळवून घेऊ नये.

वास्तुशांत झाली. माणसे अठ्ठावन्न आली. धाकटे चुलतसासरे आले नाहीत. मामंजी पूजेच्या वेळेला आले, पाटावर आमच्या शेजारी बसले, आणि प्रसाद घेऊन चारच्या एस. टी.ने परत गेले. सासूबाई राहिल्या, पण जेवल्या नाहीत; पित्त झाले आहे म्हणाल्या. आई पहिल्यांदाच रिकाम्या हाताने आली होती, आणि दिवसभर ते हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हते. शेवटी तिने माझ्या स्वयंपाकघरातले डबे पुसायला घेतले. महिन्याभराने गावात मामंजींनी गोंधळ घातला. आम्ही दोन दिवस आधी गेलो, पंगती वाढल्या, पंधरा हजार दिले. चुलतसासऱ्यांनी यांच्या हातची बुंदी पानात घेतली नाही.

असा बांध घातला की चार दिवसांत सगळे सुरळीत होते, असे सांगणारी पुस्तके हल्ली पुष्कळ निघतात. माझा अनुभव तसा नाही. सहा महिने सासूबाई माझ्याशी मुलांमार्फत बोलत. ‘तुझ्या आईला सांग, लोणचं काढून ठेवलंय,’ असे त्या मी समोर उभी असताना माझ्या मुलीला सांगत. अशा वेळी दोन मोह होतात. एक, जाऊन पाय धरावेत आणि अकरा साड्या आणून द्याव्यात. दुसरा, जाणेच बंद करावे. आम्ही दोन्ही टाळले. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पूर्वीसारखे जात राहिलो, लोणचे आणत राहिलो. चिखल ओला असतो तोवर त्याच्यावर पाय द्यायचा नसतो, आणि त्याला सोडून जायचेही नसते.

मग २०२५ चा मे महिना आला. भुकूमला एका तरुण सुनेचा मृत्यू झाला. भुकूम म्हणजे आमच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचे गाव. लग्नात दिलेले एक्कावन्न तोळे सोने, मोटार, चांदीची भांडी, सगळे वर्तमानपत्रांत छापून आले. माहेरच्यांनी छळाची तक्रार केली आणि सासरच्या माणसांना अटक झाली. न्याय न्यायालय करील. पण त्या आठवड्यात तालुक्यातल्या प्रत्येक ओसरीवर हाच विषय होता. मराठा समाजाच्या बैठका झाल्या आणि लग्नाची आचारसंहिता मांडली गेली: हुंडा नको, डीजे नको, पाहुणे मोजके. या पुण्यात २५ डिसेंबर १८७३ रोजी जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने पहिले साधे लग्न लावून दाखवले होते. दीडशे वर्षांनी आपण तीच बाराखडी पुन्हा गिरवत होतो, आणि तीही एका मुलीचा जीव गेल्यावर.

माझ्या घरची गोष्ट आणि ती गोष्ट एका तागडीत घालण्यासारखी नाही, हे मी जाणते. आमच्याकडे कुणी कुणावर हात उगारला नाही. तरीही दोन्हीकडचा पहिला शब्द एकच असतो: रीत. तो कुठवर जाऊ द्यायचा, हे चार बोटांच्या वेळीच ठरवावे लागते. चार बिघे गेल्यावर नव्हे.

त्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा सासूबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसून दुसरे सूप घेतले. बऱ्याच वेळाने, मुलांमार्फत नव्हे, थेट माझ्याशी, त्या म्हणाल्या, ‘माझा बाप दर दिवाळीला इथं दोन पोती आंबेमोहोर घालायचा. घरी वरी खायची आणि इकडं आंबेमोहोर. मेला त्या सालीही घातला. मला कळत होतं.’

‘मग कुणाला काही बोलला नाहीत, आई?’

‘कुणाशी बोलायचं? तुझा नवरा तुझ्या शेजारी बसला होता. माझा सुपारी कातरत होता.’

एवढे बोलून त्या उठल्या आणि म्हशीला पाणी दाखवायला गेल्या. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. चुलतसासरे अजूनही आमच्याकडे येत नाहीत. मामंजी पुढच्या कार्याची पत्रिका लिहिताना आता यांना आकडा विचारतात. पण विचारताना ‘तुमच्या कायद्यात काय बसतं ते सांगा,’ असे म्हणतात.

यंदाच्या दिवाळीला आई चार दिवस माझ्याकडे राहायला येणार आहे. परवा गावाहून येणाऱ्या एकाच्या हाती सासूबाईंनी दोन पिशव्या पाठवल्या. एकीवर काही लिहिले नव्हते. ती नेहमीप्रमाणे आमची. दुसरीवर माझ्या मुलीकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतले होते, ‘विहीणबाईंना’. आत पाच किलो आंबेमोहोर होता. या घरातून माझ्या माहेराकडे गेलेली ही पहिली वस्तू. संध्याकाळी मी फोन केला, तर त्यांनी नेहमीच्या कोरड्या आवाजात एवढेच सांगितले, ‘जुना तांदूळ आहे. तुझ्या आईला म्हणावं, पाणी जरा जास्त घाल.’